फिन्शगाऊच्या दरीत रोड बाईक: मोटारी नाहीत, बाकी सगळं आहे

प्रश्न थोडक्यात असा. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून चौघं जण इटलीतल्या साउथ टिरोलला जाणार आहेत. दोघं नियमित ब्रेव्हे (200 किलोमीटर किंवा त्याहून लांब, ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या सायकलफेऱ्या) करणारे, दोघं रविवारी सकाळी 30-40 किलोमीटर मारून नाश्त्याला घरी येणारे. रेशेन खिंडीपासून मेरानपर्यंतची मोटारमुक्त सायकलवाट रोड बाईकवर जमेल का, 25 मिलिमीटरचे टायर चालतील का, कुठून कुठे जायचं, आणि सायकली इथून न्यायच्या की तिथे भाड्याने घ्यायच्या?

वाट रोड बाईकवर जमते. 25 चे टायर चालतात, पण 28 लावा आणि जमलं तर 32. रेशेनला मुक्काम करून मेरानला उतरायचं आणि ट्रेनने परत यायचं, हा सगळेच करतात तो बेत तुमच्यासाठी नाही. ग्लुर्न्स, श्लुडर्न्स किंवा प्राड यांपैकी एका गावात मुक्काम ठेवा. सकाळी खाली उतरा, दुपारी वारा पाठीवर घेऊन वर या. या दरीचं सगळं गणित वाऱ्यात आणि गर्दीत आहे. चढ-उतार त्यामानाने सोपे आहेत.

आधी भूगोल. फिन्शगाऊ, इटालियनमध्ये वाल व्हेनोस्टा, ही एत्श म्हणजे आदिजे नदीची वरची दरी. रेशेन साधारण 1,500 मीटरवर, मेरान 325 वर. मधलं अंतर वाटेने सुमारे 85 किलोमीटर. कागदावर हा सरासरी दीड टक्क्याचा उतार दिसतो आणि लोक तिथेच फसतात. दरी एकसारखी उतरत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. डोंगरातल्या ओढ्यांनी हजारो वर्षं दगडगोटे आणून दरीत पंख्यासारखे ढीग पसरले आहेत. ढिगाच्या वरच्या बाजूला नदी अडून सपाटी झाली आणि खालच्या बाजूला उतार. रेशेनचा तलाव आणि हायडर तलाव ओलांडले की माल्सर हायडेचा प्रचंड ढीग सुरू होतो. तिथून बुर्गआइसमार्गे ग्लुर्न्सपर्यंत, म्हणजे 907 मीटरपर्यंत, साडेपाचशे मीटर एकदम गळतात. ग्लुर्न्स ते लास जवळजवळ सपाट. लासच्या खाली गाड्रिया ओढ्याचा ढीग, म्हणून श्लांडर्सकडे पुन्हा जोरदार उतार. श्लांडर्सपासून लाच, कास्टेलबेल, नाटुर्न्स असा सौम्य उतार, आणि शेवटी टोल नावाच्या गावी पायरी: 500 मीटरवरून वाट नागमोडी वळणं घेत मेरानच्या पातळीला येते. म्हणजे लक्ष द्यायच्या जागा तीनच.

वाट बहुतेक डांबरी आहे. काही तुकडे दाबलेल्या खडीचे आहेत, मुख्यतः नदीकाठाला. गावातून जाताना थोडी फरसबंदी लागते. ग्लुर्न्स हे तटबंदी शाबूत असलेलं चिमुकलं गाव, वेशीतून आत गेलात की दगडी फरशी सुरू. कोरड्या दिवशी 25 च्या टायरला यातलं काही जड जात नाही, फक्त मनगटं बोलतात. अडचण पावसानंतर येते. खडीच्या तुकड्यातून बारीक दगड डांबरावर वाहून येतात आणि नेमके वळणाच्या आतल्या बाजूला साचतात. म्हणून 28. तुमचं वजन 70 ते 75 किलो असेल आणि आत ट्यूब असेल, तर 28 ला हवेचा दाब मागे 75 आणि पुढे 70 पीएसआय पुरे. ट्यूबलेस असेल तर दोन्हीकडे आठ-दहाने कमी करा. 32 ला 55 च्या आसपास. 'टाइट हवा म्हणजे सायकल पळते' हा समज घरीच ठेवून जा. हुकलेस रिम (टायर अडकवायला कडेला आकडा नसलेली) असेल तर 72 पीएसआय म्हणजे 5 बार ही वरची हद्द आहे, ती ओलांडायची नाही. भाड्याच्या सायकलीवर रिम कुठली आहे ते विचारूनच पंप लावा.

आता वारा. ऊन चढलं की दरीच्या उघड्या दक्षिणाभिमुख उतारावरची हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला खालून, मेरानकडून, हवा दरीत शिरते. बाराच्या सुमारास हे सुरू होतं आणि दोन ते पाचमध्ये भरात असतं. रेशेन तलावावर काईट सर्फिंगवाल्यांची झुंबड असते ती याच वाऱ्यामुळे. ज्यांनी दहा वाजता निवांत नाश्ता करून रेशेनहून सुरुवात केली, त्यांना लाचच्या पुढे उतारावरही पॅडल मारावं लागतं आणि 'उतार असून दम का लागतोय' हे कोडं पडतं. उलट मेरानहून एक-दीडला निघणारा माणूस तोच वारा पाठीवर घेऊन दीड-दोन टक्क्यांच्या चढावर सपाटीसारखा पळतो. अपवाद एक. आल्प्सच्या उत्तरेकडून 'फोन' नावाचा, डोंगर ओलांडून खाली येणारा वारा सुटला की तो रेशेनवरून खाली कोसळतो, दिवसभर वाहतो आणि वरच्या फिन्शगाऊत सायकल जागेवर थांबवतो. तो आदल्या दिवशीच्या अंदाजात कळतो. त्या दिवशी बेत उलटा करा: मेरानला उतरा आणि परत यायला वाहन बघा.

म्हणून तुमच्यातल्या ब्रेव्हेवाल्या दोघांसाठी: ग्लुर्न्सहून सकाळी साडेसात-आठला निघा. मेरान 60 किलोमीटर, वाट मोकळी असते, अडीच-तीन तासांत पोहोचता. जेवण, थोडी सावली, आणि एकच्या सुमारास परतीला. एकूण 120 किलोमीटर आणि 600 ते 700 मीटर चढ. चढ दोनच ठिकाणी जाणवेल, टोलची वळणं आणि लासच्या अलीकडचा ढीग. गिअरच्या दातांची संख्या पुढे 50/34 आणि मागे 11-32 असेल तर काहीच काळजी नाही. उरलेल्या दोघांनी सकाळच्या बसने किंवा सायकल नेणाऱ्या शटलने रेशेन गाठावं, तलावात बुडालेल्या जुन्या ग्राउन गावाचा वर उरलेला चर्चचा मनोरा बघावा (1950 साली धरणाचं पाणी आलं, मनोरा 14व्या शतकातला) आणि निवांत 25 किलोमीटर उतरून मुक्कामी यावं. अंगात रग उरली असेल तर पुढे सपाटीवरून लासपर्यंत जाऊन परत. शटलला जागा आदल्या दिवशी राखावी लागते, सप्टेंबरमध्येही.

ट्रेनबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण जुन्या प्रवासवर्णनांत ती 'सायकल चढवा आणि निघा' अशी रंगवलेली असते. ग्लुर्न्सजवळच्या माल्सपासून मेरानपर्यंतचा हा 60 किलोमीटरचा लोहमार्ग 1906 सालचा. 1990 मध्ये तो बंद पडला, 2005 मध्ये पुन्हा सुरू झाला आणि सायकलवाटेचा जोडीदार झाला. पण गेली काही वर्षं त्याच्या विद्युतीकरणाचं काम चालू आहे. त्यासाठी गाड्या बंद ठेवून बस सोडल्या जातात आणि त्या बसमध्ये तुमची सायकल घेतीलच असं नाही. गाड्या धावत असल्या तरी गर्दीच्या दिवसांत सायकलींवर बंधनं येतात. ट्रेनवर अवलंबून असलेला बेत जाण्याच्या आठवड्यात वेळापत्रक बघूनच पक्का करा. वर सांगितलेल्या बेताला ट्रेन लागत नाही, हा त्याचा अर्धा गुण.

मोटारी नाहीत म्हणजे वाट मोकळी, असं मात्र नाही. दहा ते तीनमध्ये या वाटेवर ई-बाईकवरचे आजी-आजोबा, मागे पोरांची गाडी जोडलेले आईबाप, कुत्र्याला धावायला घेऊन निघालेले लोक, सगळे असतात. त्यातले बहुतेक वरून खाली येत असतात. वाटेची रुंदी अडीच-तीन मीटर. इथे ताशी 25 किलोमीटरच्या वर वेग नेणं हा असभ्यपणा आहे आणि आंधळ्या वळणावर तर मूर्खपणा. ओव्हरटेक करताना 15-20 मीटर आधी एकदा घंटी. जवळ जाऊन वाजवली की समोरचा दचकून नेमका तुमच्याच बाजूला येतो. घंटी इटलीत कायद्यानेही लागते, ती जड होते म्हणून काढून ठेवू नका. चौघांनी एकामागे एक चालवायचं. गप्पा नदीकाठच्या बाकावर.

शिवाय ट्रॅक्टर. लासपासून मेरानपर्यंत वाट सफरचंदांच्या बागांतून जाते आणि बागवाल्यांना त्या वाटेवर वाहन आणायची मुभा आहे. सप्टेंबर म्हणजे तोडणीचा हंगाम. अरुंद ट्रॅक्टर, मागे मोठ्या पेट्यांची रांग, आणि बागेतून वाटेवर येताना चालकाला दोन्ही बाजूंच्या झाडांमुळे काही दिसत नाही. बागांच्या ओळी जिथे वाटेला मिळतात तिथे मातीच्या चाकोऱ्या डांबरावर उमटलेल्या असतात. ताजी ओली माती दिसली की ट्रॅक्टर जवळपास आहे असं धरून चाला. दुसरी गोष्ट तुषार सिंचन. ही दरी आल्प्समधल्या सगळ्यात कोरड्या दऱ्यांपैकी एक आहे, पाऊस वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास, म्हणून बागांना पाणी द्यावंच लागतं. फवाऱ्याचं टोक फिरता फिरता वाटेवर येतं. आकाश निरभ्र, डांबर कोरडं, आणि एकाच वळणावर दहा मीटर चकचकीत ओलं. तिथे झुकलेल्या सायकलीवर ब्रेक दाबला की पुढचं चाक निसटतं. वेग वळणाच्या आधीच सरळ रेषेत कमी करायचा, आत शिरल्यावर ब्रेक सोडून द्यायचा. एप्रिलमध्ये जाणाऱ्यांसाठी याच्या पुढचा प्रकार: फुलोऱ्याला गारठ्यापासून वाचवायला रात्रभर पाणी फवारून कळ्यांवर बर्फाचं कवच चढवतात, आणि पहाटे तोच बर्फ वाटेवर असतो. त्या दिवसांत नऊच्या आधी निघू नये.

पडण्याच्या जागा पुढच्या. लाकडी पूल: दव पडलेलं असताना साबणासारखे निसरडे, त्यावर ना ब्रेक ना वळण. रस्ता ओलांडायच्या जागी मधोमध रोवलेला खांब: पुढचा सायकलस्वार तुमच्यापासून तो झाकतो, म्हणून पुढच्याने हात दाखवायचा. रेल्वे रूळ: शक्य तितकं काटकोनात. लोहमार्गाखालचे बोगदेवजा रस्ते: आत जाताना काटकोनी वळण, उन्हातून अंधारात गेल्यावर दोन सेकंद काही दिसत नाही, आणि तळाला हमखास पाणी. टोलची वळणं रुंद नाहीत, खालून धापा टाकत येणारे वळणाची बाहेरची बाजू घेतात, त्यांना जागा द्या. बुर्गआइसच्या वरचा उतार सर्वांत तीव्र. नवख्या दोघांचे हात तिथे ब्रेक धरून भरून येतील. हँडलच्या खालच्या वाकात हात ठेवले की तेवढ्याच जोरात जास्त पकड मिळते, हे त्यांना पुण्यातच एखाद्या घाटात शिकवून न्या. ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही. जोरात दाबा, वेग पाडा, सोडा. कार्बन रिमवर रिम ब्रेक असलेली सायकल या सहलीला आणूच नये.

आपल्या लोकांसाठी दोन सूचना, ज्या युरोपातला कोणी देणार नाही. तिथे उजवीकडून चालवायचं हे डोक्याला माहीत असतं, हाताला नसतं. सरळ रस्त्यावर सगळे नीट असतात. आंधळ्या वळणावर समोरून अचानक कोणी आलं की आयुष्यभराची सवय सायकल डावीकडे ओढते आणि समोरचाही स्वतःच्या उजवीकडे, म्हणजे तिथेच, वळतो. पहिल्या दिवशी प्रत्येक वळणाआधी मनातल्या मनात 'उजवी' म्हणा, दुसऱ्या दिवशी सवय लागते. दुसरी ब्रेकची. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना उजवा लिव्हर पुढच्या चाकाचा असतो. तिकडच्या भाड्याच्या सायकलींना सहसा डावा पुढचा. घाबरून एकच ब्रेक करकचून दाबायची वेळ येते तेव्हा हा फरक महागात पडतो. दुकानातून बाहेर पडण्याआधी चाक उचलून कुठला लिव्हर कुठलं चाक धरतो ते बघा. केबलचे ब्रेक असतील तर दुकानदार अदलाबदल करून देऊ शकतो. हायड्रॉलिकला ते झटपट होत नाही, मग मोकळ्या जागेत दहा मिनिटं सराव करा.

सायकल नेण्याबद्दल: चार-पाच दिवस चालवणार असाल तर नेऊ नका. विमानाचं सामान, म्युनिक किंवा व्हेरोनाहून पुढच्या गाड्या, दर बदलीला तो खोका, यात अंगातला उत्साह जातो. स्वतःचे पॅडल, सीट, हेल्मेट, बूट आणि दोन चड्ड्या न्या. घरच्या सायकलवर बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचे दांडे जिथे फिरतात त्या आसाच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून फोनमध्ये ठेवा, तिथे दोन मिनिटांत उंची लागते. स्थानकांवरच्या भाड्याच्या सायकली एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडता येतात, सोय उत्तम. पण त्या ट्रेकिंग आणि ई-बाईक. नवख्या दोघांना त्याच घ्या. रोड बाईक मोजक्या दुकानांत मिळतात, महिनाभर आधी फ्रेमचं माप, कॅसेट (मागच्या गिअरचा संच) आणि टायरची रुंदी लिहून राखून ठेवा. मोठ्या सहलीसाठी स्वतःची नेणारच असाल तर मागचा डेरेलर (गिअर बदलणारा भाग) हँगरसकट, म्हणजे तो फ्रेमला जोडणाऱ्या पट्टीसकट, काढून फ्रेमच्या आत कापडात गुंडाळा, डिस्क पॅडमध्ये प्लास्टिकचा तुकडा सरकवा, इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंगची बॅटरी काढता येत असेल तर हातातल्या बॅगेत ठेवा, आणि एक जादा हँगर घ्या. तुमच्या मॉडेलचा हँगर त्या दरीत मिळेलच असं नाही.

आता गोडाची गोष्ट. प्राडला मुक्काम असेल तर स्टेल्व्हिओचा घाट दारातच आहे. 24.3 किलोमीटर, 1,808 मीटर चढ, 48 हेअरपिन (उलट फिरणारी वळणं), माथा 2,758 मीटर. एरवी त्यावर मोटरसायकलींचा कलकलाट असतो, पण वर्षातून एक दिवस, ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला, सहसा शनिवारी, राष्ट्रीय उद्यानातर्फे सायकल दिवस असतो आणि घाट मोटारींना साधारण सकाळी 8 ते दुपारी 4 बंद ठेवतात. तुमचे दिवस त्याच्या आसपास आहेत. तारीख बघून विमानाचं तिकीट काढा, उलट नको. स्पर्धा नाही, नोंदणी नाही. सरासरी चढ साडेसात टक्के. माणूस आणि सायकल मिळून 80 किलो धरलं तर तीन तासांत माथा गाठायला सतत 145 ते 150 वॅट लागतात. तेवढं तीन तास निघत नसेल तर चार तास धरा, तरी वेळेत बसतं. इथे सर्वांत हलका गिअर 34/34 (पुढे आणि मागे 34 दात) हवा. त्यात मिनिटाला पॅडलच्या 70 फेऱ्यांच्या लयीला ताशी पावणेनऊ किलोमीटर मिळतात, त्याहून जड गिअरवर गुडघे बोलू लागतात. 2,000 मीटरच्या वर हवा विरळ, तेच वॅट जास्त जड वाटतात, म्हणून ट्राफोईपर्यंत मुद्दाम हात राखून चालवा. हेअरपिन माथ्याकडून मोजलेले आहेत, पहिली पाटी 48 ची दिसते आणि आकडा उतरत जातो. ट्राफोईला बाटल्या भरा, त्यापुढे झाडी संपली की सावली नाही.

उतरताना आल्या वाटेने येऊ नका. माथ्यावरून बोर्मिओच्या बाजूला तीन किलोमीटर उतरून उंब्राइल खिंडीतून स्वित्झर्लंडच्या सांता मारियाला, तिथून म्युस्टाइर, टाउफर्स, ग्लुर्न्स करत प्राडला. साठ किलोमीटरच्या आसपास वर्तुळ पूर्ण होतं. उंब्राइलचा रस्ता 2015 पासून पूर्ण डांबरी आहे, पण अरुंद आणि तीव्र. त्या दिवशी त्या बाजूचे नियम आणि वेळा वेगळ्या असू शकतात, त्या बघून घ्या. दोन्ही देश शेंगेनमध्ये असले तरी पासपोर्ट खिशात हवा. माथ्यावर आणि पायथ्याला दहा-बारा अंशांचा फरक पडतो. घामेजलेल्या जर्सीवर पातळ वाऱ्याचं जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे नसतील तर पाचव्या मिनिटाला बोटं ब्रेकवर बधिर होतात. रेशेनहून सकाळी उतरतानाही हेच, फक्त कमी प्रमाणात.

पाणी विकत घेऊ नका. जवळजवळ प्रत्येक गावात कारंजं आहे. पाटीवर 'काइन ट्रिंकवासर' किंवा 'नोन पोताबिले' असेल तर ते प्यायचं नाही. पाट्या जर्मन आणि इटालियन अशा दोन भाषांत असतात, मेरान तेच मेरानो, लाच तेच लाचेस, रेशेन तेच रेझिया, तेव्हा जीपीएसवर नाव सापडलं नाही तर दुसरं टाका. शाकाहारींची उपासमार होत नाही: पालक भरलेले श्लुट्सक्राफेन, कायझरश्मार्न (तुकडे केलेला गोड पॅनकेक), राईचा जाडजूड फिन्शगर पाव, लासकडच्या जर्दाळूंचा जॅम. क्नोडेल (पावाचे गोळे) मागवताना 'श्पेकशिवाय' असं स्पष्ट सांगा, नाहीतर आत डुकराचे तुकडे निघतात. गावातली दुकानं दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात ती तीनपर्यंत, आणि रविवारी बहुतेक बंदच. दुपारच्या परतीचं खाणं मेरानलाच खिशात भरून घ्या.

निळ्या गोल पाटीवर सायकल दिसली की ती वाट सोडून शेजारच्या एसएस 38 किंवा एसएस 40 या मोटाररस्त्यांवर जायचं नाही. नियम तर आहेच, शिवाय त्या रस्त्यांवर ट्रक असतात. बोगद्यात, आणि अंधार पडल्यावर गावाबाहेर, चमकणारं जाकीट कायद्याने बंधनकारक आहे, ते तळहाताएवढं घडी होतं. विम्यात डोंगरातून उचलून आणण्याचा, म्हणजे हेलिकॉप्टरचा, खर्च धरलेला आहे का ते बघा. नेहमीच्या ट्रॅव्हल पॉलिसीत तो कधीकधी वगळलेला असतो. आणीबाणीला 112. फोन उचलणाऱ्याला गावाचं नाव सांगून भागत नाही, वाट गावाबाहेरून जाते, म्हणून नकाशावरचे अक्षांश-रेखांश कसे वाचायचे ते चौघांनाही यायला हवं.